कारल्याच्या बियांचा फडका

मी एक जुना फडका आहे, मित्रांनो. निळं लुगडं विरलं तेव्हा दैवशालाबाईंनी पदराकडचा हातभर तुकडा फाडून घेतला, तो मी. दर माघात त्या मला ओला करून घट्ट पिळत, कारल्याच्या बिया माझ्यात बांधत आणि चुलीमागच्या कोनाड्यात ठेवत.

"कारल्याला ऊब लागती," त्या नवऱ्याला म्हणत. "तुमच्यावानी गार राहिलं तर न्हाई उगवत."

आश्रुबा हसत.

दिवाळीनंतर त्या वारल्या. आश्रुबांनी मला खुंटीला टांगलं. कधी ते मला नाकाशी धरत आणि परत टांगत.

माघ आला. डब्यात बाईंनी धरलेल्या बाराच बिया होत्या. सून प्रियांका म्हणाली, "मामा, चार पेल्यात भिजवू, चार मातीत लावू, चार फडक्यात बांधू. बघू कोणतं उगवतंय."

"फडका नको. त्याला पाणी लावायचं न्हाई. तिचा वास हाय."

"मग ताडकळसच्या बाजारातून पाकीट आणा की."

"ते तिचं कारलं न्हाई."

पेल्यातल्या चार बिया काढायच्या राहून गेल्या. तिसऱ्या दिवशी पाणी घाण मारू लागलं. दुसऱ्या चार तुटक्या बादलीतल्या मातीत लावल्या. माती रात्री गार पडे. पंधरा दिवसांनी उकरून पाहिल्या, तर त्या बोटांत चिरडल्या. मी खुंटीवर कोरडा होतो.

चार उरल्या. आश्रुबांनी मला काढलं, बराच वेळ मांडीवर ठेवलं आणि पाण्यात बुडवलं.

"पिळा मामा, ठिबकायलाय. पेल्यावानी कुजत्याल."

त्यांनी पिळलं. वास पाण्याबरोबर गेला. मग चारही बिया माझ्यात बांधून मला चुलीमागच्या कोनाड्यात ठेवलं.

सातव्या दिवशी गाठ सोडली. तीन बियांना मोड आले होते. मुळं माझ्या धाग्यांत शिरली होती, ओढली असती तर तुटली असती. आश्रुबांनी कात्री मागितली. प्रत्येक मोडाभोवतीचा माझा तुकडा कापला आणि मोडासकट मातीत लावला. वेल वाढले तेव्हा उरलेल्या माझ्या चिंध्या करून ते मांडवाला बांधले.

मित्रांनो, जुनी वस्तू जपा, पण तिला तिचं काम करू द्या. खुंटीवर मी कुणाच्याच उपयोगाचा नव्हतो.

पहिलं कारलं खायचं नाही, बियांना ठेवायचं, असं आश्रुबांनी प्रियांकाला सांगितलं आहे. पुढच्या माघात दुसरा फडका लागेल. तो त्यांनी आपल्या धोतराचा फाडून ठेवला आहे.