बोटांनी राखलेली ओळख

हेमंतातलं ऊन आलं. कोवळं, केशरी, पंचगंगेच्या धुक्यातून गाळून आलेलं ऊन. उसाच्या तुऱ्यांवरून उतरलं, सारवलेल्या अंगणात पसरलं आणि सोप्यात बसलेल्या अनसाबाईला उबवू लागलं.

अनसाबाई मात्र आपल्याच घरात पाहुणीसारखी बसून होती. दिवाळीआधी मेंदूत रक्ताची गाठ अडकली; जीव वाचला, वाचाही वाचली. डोळे निर्मळ, निर्दोष. तांब्या दिसे, त्याची झळाळी दिसे, डौलदार घाटही दिसे. पण तो तांब्या आहे, हे काही केल्या उमगेना. डॉक्टर म्हणाले, डोळे दाखवतात, पण मेंदूला ओळख पटत नाही. चाळीस वर्षं गावभराच्या गोधड्या शिवणाऱ्या बाईने सुई खाली ठेवली ती ठेवलीच.

नवरा केरबा मोठा चिवट. रोज सकाळी पळी, विळी, लाटणं समोर मांडायचा नि बजावायचा, हात लावायचा नाही, बघून सांग. मास्तरच झाला होता म्हातारा! ती चुकायची, ओशाळायची, पदराने डोळे पुसायची. ही अशीच मिटून गेली तर, या भयाने त्याला घास गोड लागेना.

त्या दिवशी त्याने काहीच विचारलं नाही. जुन्या कापडांचं गाठोडं तिच्या मांडीवर सोडलं.

अनसाबाईने डोळे मिटले. बोटं निघाली. सुईने टोचून टोचून शहाणी झालेली बोटं. विटलेल्या वस्त्रांवरून, विरलेल्या वर्षांवरून, हळूहळू, हळूहळू.

"तुमचं लग्नातलं धोतर हे," ती पुटपुटली.

मग लेकीचा परकर ओळखला. मग सासूचं इरकली लुगडं. त्यावर हात जरा जास्तच रेंगाळला. धन्य तो मेंदू, धन्य त्याची माया! डोळ्यांची वाट बुजली, तरी बोटांची पायवाट त्याने जपून ठेवली होती.

एकाएकी हात अडला. तिने कापड चोळलं, उलटवलं, गालाला लावलं, हुंगलं. कोरं, करकरीत, अनोळखी. हे आपल्या घरातलं नव्हे, म्हणाली. अवघं जुनं मनात जागं असल्यावाचून नवं असं चटकन कळतं होय? केरबाच्या डोळ्यांना धार लागली. कालच्या बाजारातून आणलेलं लुगडं त्यानेच मुद्दाम चिंध्यांत दडवलं होतं.

"ह्याला कात्री लावायची न्हाई, हे मी नेसनार," अनसाबाई म्हणाली. "तुमी तेवढा सुईत दोरा ओवा."

केरबाने दोरा ओवला. धोतराला इरकल जोडली गेली, इरकलीला परकर. आणि टाक्यामागून टाका, टाक्यामागून टाका, अनसाबाई आपल्या घरी परत आली.