अठ्ठेचाळीस वेढे

तिसरा स्क्रू निघाला आणि चौथ्यापाशी पेचकस अडला. नूतनने अंगाचा भार टाकून तो फिरवून पाहिला. विजेच्या मोटारींची तार गुंडाळायचे, वाइंडिंगचे ते जुने हातमशीन टेबलाला चार स्क्रूंनी बसवलेले होते आणि चौथा स्क्रू वार्निशच्या थरांखाली जवळजवळ बुजला होता.

"तोडशीन ना ते," सत्यशीलाबाई दुकानाच्या दारातून म्हणाल्या. "काऊन काढून राह्यली?"

"चंद्रपूरले नेते, आई. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ठेवते. पोरं पाहतील."

"मी तं ते उर्वशीले द्याचं म्हणून राह्यली होती."

नूतनने पेचकस पुसला आणि पुन्हा स्क्रूच्या खाचेत रोवला.

काल मूल गावातल्या या घरासमोर मांडव घालून तिच्या वडिलांचे, देवाजींचे, मृत्यूनंतरचे पुण्यानुमोदन झाले. वंदना झाल्यावर एकेक जण उठून बोलला. राइस मिलचे गुणवंतराव म्हणाले, "बत्तीस वर्षांत देवाजीनं कोणाची मोटार अर्धवट ठेवली नाई. पोरीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी माझी मोटार बसवून देल्ली, अन् मग मांडवात गेला. बाशिंग पाहाले उशीर, पण धान पाहाले नाई!" लोक हसले. नूतनही हसली. त्या सकाळी ती नवे लुगडे नेसून अर्धा तास वडिलांची वाट पाहत होती, हे गुणवंतरावांना ठाऊक असायचे कारण नव्हते.

मग उर्वशी उठली. आठ वर्षांपूर्वी ही बाई चामोर्शीकडून जळलेली मोटार ऑटोत घालून आली होती. मोटार होईस्तोवर स्टुलावर बसून पाहत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी मोटारीवाचूनच आली. तेव्हापासून ती दुकानात होती.

"देवाजीभाऊले डाव्या कानानं ऐकू ये नाई," ती म्हणाली होती. "आमी उजवीकडून बोलत जाऊ. ते म्हणत, मोटारीनं खाल्ला माझा कान, पण पोट भरलं ना तिनंच."

मांडवातल्या माना हलल्या. आईचीही हलली. नूतनने डोळे पुसायचे निमित्त करून पदर तोंडावर घेतला. ती पदार्थविज्ञान शिकवत होती. ध्वनीची तीव्रता, तिची एकके, कानाचा पडदा हे सगळे ती दरवर्षी फळ्यावर काढत होती. गेल्या दिवाळीला ती वडिलांच्या डाव्या बाजूला बसून आपल्या बढतीबद्दल कितीतरी वेळ बोलली होती. ते नुसते मान डोलवत राहिले होते. आपल्या बढतीचे त्यांना काही वाटले नाही, असे समजून ती दुसऱ्या दिवशी लवकर परतली होती.

"देवाजीची दुसरी पोरगी," मागे कोणीतरी उर्वशीबद्दल म्हणाले होते. रात्री अंथरुणात नूतन ते शब्द पुन्हा पुन्हा आठवत राहिली.

बारा वर्षांची असताना तिने एकदा कॉइलला हात लावला होता. वडिलांनी तो हात हळूच बाजूला केला. "हात काळे करू नोको. तू पुस्तक धर." तिने पुस्तक धरले. उर्वशीचे हात काल तिने नीट पाहिले होते. बोटांच्या भेगांत वार्निश मुरलेले होते, अगदी वडिलांच्या बोटांसारखे.

बाहेर ऑटो थांबला. उर्वशी उघडी मोटार छातीशी धरून आत आली. टेबलावरचे तीन सुटे स्क्रू तिने पाहिले.

"ताई, आजचा दिवस राहू द्या मशीन. धनराजभाऊची मोटार हाये. पाण्यावाचून धानाचा रोवणा अडला त्याचा. देवाजीभाऊनंच खोलली होती हे. एकच कॉइल राह्यली."

"दुसरीकडे गुंडाळता येत नाही का?"

"येते. पण कॉइलचा साचा ह्याच मशीनवर बसते."

नूतनने पेचकस खाली ठेवला. मशीनवरची वेढे मोजणारी चकती कधीच बंद पडली होती. तिने चार वर्षांपूर्वी आणून दिलेले आकडे दाखवणारे नवे यंत्र खणात तसेच होते, खोक्यात, फीतसुद्धा न तोडलेले.

"हे काऊन लावलं नाही बाबांनी?"

"भाऊ म्हणत, आकडा मशीननं मोजला का माणूस दुसरीकडं पाह्यते." उर्वशीने साचा बसवला आणि तारेचे टोक त्यात अडकवले. "तोंडानंच मोजाचं. अठ्ठेचाळीस. एक वेढा कमीजास्त झाला का मोटार घुमते अन् तापते."

"कानाचं मले कोणी सांगितलं नाई," नूतन एकदम म्हणाली. "तुम्हाले कसं माहीत?"

उर्वशीचा हात मशीन फिरवायच्या मुठीवर थांबला.

"तुमच्यामुळंच," ती म्हणाली. "दर रविवारी तुमचा फोन ये. भाऊ हात वर करत. मशीन बंद, पंखा बंद, सप्पा बंद. आवाज असला का एका कानानं काही समजे नाई ना. अर्ध्या कॉइलवर थांबावं लागे मले. तुमचं बोलणं होईस्तोवर किती झाले तेच विसरून जाऊ. मंग सप्पी तार उकला, पहिल्यापासून गुंडाळा. तिकडं भाऊ हासून बोलून राह्यले, अन् इकडं मी तार उकलून राह्यली." तिने साच्यातले तारेचे टोक बोटाने दाबले. "खोटं कायले बोलू? लय राग ये तुमचा."

"अन् मले सांगितलं काऊन नाई?"

"म्हणत, पोरगी डाक्टरकडं धरून नेईन, अन् डाक्टर दुकान बंद कराले लावीन."

दारातल्या सत्यशीलाबाई चहा ठेवायला आत गेल्या.

उर्वशीने मूठ फिरवली. एकाच स्क्रूवर उभे असलेले मशीन डगमगले आणि तार सैल पडली. तिने वर पाहिले. नूतनने दोन्ही तळवे मशीनच्या बैठकीवर ठेवले आणि घट्ट दाबले.

"फिरवा."

मूठ फिरू लागली. उर्वशीचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. तांबे साच्यावर वेढ्याशेजारी वेढा बसत होते. प्रत्येक फेरीचा हलका झटका नूतनच्या मनगटापर्यंत येत होता. बैठकीची जुनी काजळी तळहातांना लागत होती.

पर्समधला फोन वाजला.

उर्वशीचा हात जागीच थांबला. तो तिने थांबवलाही नव्हता, आपोआप थांबला. तार ताणलेली राहिली. तिच्या ओठांवरचा आकडा पुसला गेला होता. ती तारेकडे पाहू लागली.

फोन वाजत राहिला. नूतनने तळवे उचलले नाहीत.

"बत्तीस झाले," ती म्हणाली. "पुढं चला."