लाल चोचीचं बदक

…पिल्लू बोटाच्या पेरावर मावत होतं. बदकाचं पिल्लू, पिवळं, निळ्या फितीवर विणलेलं, आणि त्याच्या शेजारी पांढऱ्या अक्षरांत ‘पिटुकली’ — बाईंनी लेबल अंगठ्यानं दाबून धरलं, सुईखाली सरकवलं आणि पाय दाबला. खाकी शर्टाची कॉलर, बेचाळीस नंबरची. हा शर्ट ज्याच्या अंगावर चढणार तो कुठल्याशा फाटकापाशी काठी घेऊन उभा राहणार, मिशीला पीळ देणार, येणाऱ्या-जाणाऱ्यावर डाफरणार, आणि दिवसभर त्याच्या मानेवर हे पिल्लू बसून राहणार. बाईंना याचं एरवी हसू यायचं. आज त्यांनी शर्ट उलटा करून बाजूला टाकला आणि दुसरा घेतला.

काल सिक्युरिटी कंपनीचा सुपरवायझर येऊन गेला होता. माणूस वाईट नव्हता, बोलताना खाली बघत होता.

“बाई, शिवण तुमचं एक नंबर, त्याबद्दल शब्द नाही. पण पोरं ऐकत नाहीत हो. एकानं कॉलरचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, आता सगळे एकमेकांना त्याच नावानं हाका मारतात. वरचे साहेब म्हणाले, नाव तरी बदलायला सांग, नाहीतर शिंपी तरी बदल.” मग जरा थांबून, “आणि खरं सांगू का, पहिल्यांदा आलो तेव्हा मी दोनदा पुढे निघून गेलो होतो. म्हटलं, हे तर लहान मुलांचं दुकान दिसतंय.”

“सगळ्यांचं तसंच होतं,” बाई म्हणाल्या.

“मग उद्या पाचला फोन करतो. हो की नाही, तेवढं सांगा.”

त्याचं खोटं नव्हतं. आठवड्यातून एखादी बाई तरी कडेवरचं मूल घेऊन पायरी चढायचीच, झबली मागायची, आणि समोर वॉचमनचे शर्ट, वॉर्डबॉयचे पायजमे, प्रयोगशाळेचे पांढरे कोट टांगलेले बघून मुलाला घट्ट धरून उतरायची. दुकान सुरू झालं तेव्हा इथे फ्रॉकच शिवले जात. मग तयार फ्रॉक बाजारात आले, स्वस्त, चमकदार, दोन धुण्यांत बोळा होणारे — आणि बाईंनी मुकाट्यानं गणवेश धरले. धंदा बदलला, गिऱ्हाईक बदललं, मशीनं बदलली. पाटी तेवढी बदलली नाही.

पाटी नवऱ्यानं रंगवून घेतली होती. तीन महिन्यांची पोर तळहातावर तोलत तो पेंटरला म्हणाला होता, ‘लिही, पिटुकली.’ पेंटर भोळा. त्यानं विचारलं, ‘बाईंचं नाव नाही का टाकायचं? शिवतात त्याच ना?’ तेव्हा नवरा मोठ्यानं हसला — त्याचं हसणं सगळ्या रस्त्याला आवडायचं — आणि म्हणाला, ‘बाईंचं काय, बाई आहेतच की.’ बाई आत होत्या. दातांत दोरा होता. दातांत दोरा असला की बोलता येत नाही, हे किती सोयीचं असतं… दोरा तोडला तोवर पेंटरनं पहिलं अक्षर काढलंही होतं.

तो जाऊन अकरा वर्षं झाली. पिटुकली छत्तीस वर्षांची झाली. अंगानं अशी की पायरी चढली की आधी दाराच्या चौकटीला धरून श्वास घ्यायची आणि मग गिऱ्हाइकाकडे बघून स्वतःच हसायची, समोरच्यानं हसायच्या आत. ‘नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा,’ असं एक म्हातारी तिच्या तोंडावर म्हणाली होती, तेव्हाही ती हसलीच. बापासारखी. मऊ, संथ, कुणीही यावं टपली मारून जावं. सगळे म्हणत, पोर बापावर गेली. आणि बाई म्हणत, हो ना, माझं काही घेतलंच नाही तिनं.

“आई, गोळी घेतलीस?” आत्ताही ती काउंटरवरून विचारत होती. गोळी रोज सकाळी तीच हातावर ठेवायची, पाण्याचा पेला धरून उभी राहायची, घोट गिळला जाईपर्यंत हलायची नाही.

“तूच दिलीस की सकाळी.”

“हो, दिली. मी दोरे घेऊन येते. खाकी संपत आलाय.” दारात ती थांबली. “त्यांना काय सांगणार आहेस?”

“तुला काय वाटतं?”

“मला काय,” पिटुकली म्हणाली, “तू ठरवशील ते.” आणि पायरीची कड धरून, एकेक पाऊल टाकत उतरली.

तू ठरवशील ते… ताकास तूर लागू देत नाही कधी. बाईंनी मशीन थांबवलं. पहिल्यांदा तिनं विचारलं होतं ते चोविसाव्या वर्षी, चहाचे कप विसळताना, पाठ करून. ‘आई, आपण दुकानाचं नाव बदलू या का?’ आणि बाई म्हणाल्या होत्या, ‘लेबलं संपू देत.’ तो घरातला जुना विनोद होता. नवऱ्यानं ऑर्डर लिहिताना एक शून्य जास्त टाकलं होतं, हजाराच्या जागी दहा हजार लेबलं आली होती, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेलं हे भलंमोठं रीळ. येईल त्याला नवरा ते दाखवायचा. लेबलं संपेपर्यंत मरायला फुरसत नाही म्हणायचा. लेबलं संपली नाहीत, तो मात्र गेला.

दुसऱ्यांदा तिनं विचारलं ते कोटवाल्यानंतर. तो प्रयोगशाळेत कामाला होता. एक कोट शिवून घ्यायला आला, मग बटण लावायला, मग खिसा वाढवायला. तीन आठवड्यांत एका कोटाला सहा खेपा. पिटुकली दुपारी पुन्हा वेणी घालायला लागली होती. बाईंना दिसत होतं. बाईंना सगळं दिसायचं. एके दिवशी त्यानं कोटाचं लेबल बघून सहज विचारलं, ‘हे नाव कुणाचं हो?’ पिटुकलीनं तोंड उघडलं, पण त्याआधी बाईच बोलल्या. ‘हिचंच की! ही काय आमची पिटुकली,’ — आणि हात पसरून तिची रुंदी दाखवली, आणि हसल्या. कोटवालाही हसला. भिडेखातर हसला असेल. पण हसताना त्यानं पिटुकलीकडे पाहिलं आणि ते पाहणं परत घेता येईना, म्हणून तो परत आला नाही. मी का बोलले? उचलली जीभ लावली टाळ्याला, असं बाईंनी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं होतं. ते खरं नव्हतं. जीभ उचलायच्या आधी त्यांनी क्षणभर विचार केला होता, आणि तो क्षण गोड लागला होता.

‘लेबलं संपू देत,’ त्या तेव्हाही म्हणाल्या.

आणि लेबलं संपली होती — ही गोष्ट जगात फक्त बाईंना ठाऊक होती. साडेतीन वर्षांपूर्वी एका सकाळी रिळाची नळी दिसायला लागली, चाळीस-पन्नास लेबलं उरली असतील. बाईंनी पोरीला बटणं आणायला लांबच्या दुकानात पाठवलं, लेबलवाल्याला फोन केला, आणखी पाच हजार सांगितली. आली तेव्हा ती जुन्याच नळीवर स्वतः गुंडाळली. एवढंच झालं की लेबलवाल्याकडे नारिंगी दोरा नव्हता, म्हणून बदकाची चोच लाल आली. बदकाची चोच कोण बघतं? रात्री जेवताना त्या पिटुकलीला म्हणाल्या होत्या, ‘तुझ्या बापानं काय शून्य टाकलंय, संपता संपत नाही गं.’ आणि पिटुकली हसली होती.

बापाचं लाडकं नाव ना तुझं? मग मिरव. जन्मभर मिरव. हे वाक्य बाईंनी कधी कुणापुढे उच्चारलं नाही, पण लेबल लावताना प्रत्येक कॉलरीत ते शिवलं होतं.

आता नाव बदलायचं तर दुसरं हवं. बाईंनी काळ्या कापडाचा तुकडा पुढे ओढला आणि खडूनं दोन-तीन नावं लिहून पाहिली, कुणाच्याही दुकानाला चालतील अशी. ती हातानं पुसली. मग इकडेतिकडे बघून आपलं स्वतःचं नाव लिहिलं. किती वर्षांनी. लग्नाआधी वहीवर लिहायच्या तसं, शेवटच्या अक्षराला जरा शेपूट काढून… पाटीवर ते छान दिसलं असतं. सिक्युरिटी कंपनीच्या चारशे माणसांच्या मानेवर दिसलं असतं. पण ते वर चढवायचं तर पोरीचं खाली उतरवायला हवं, पोर सुटणार मग, छत्तिसाव्या वर्षी का होईना कुणी नाव विचारलं तर निमूट खरं नाव सांगणार आणि कुणी हसणार नाही. स्वतःला काही द्यायचं तर तिलाही द्यावं लागत होतं. बाईंना हा सौदा पसंत पडेना.

खडू मोडला. दुसरा त्यांच्या खणात नव्हता, म्हणून पिटुकलीचा खण ओढला. टेप, बॉबिनी, बोथट कात्री, आणि मागे बिस्किटांचा एक गोल डबा. खडू त्यात असेल असं वाटून बाईंनी झाकण काढलं.

आत लेबलं होती. कापलेली, एकावर एक नीट रचलेली, काळ्या दोऱ्यानं बांधलेल्या छोट्या जुड्या. बाईंना आधी हसू आलं. अगं वेडे, चोरून कापून टाकलीस होय? संपावीत म्हणून? आणि मी तिकडे पाच हजार… हसता हसता त्यांनी एक जुडी सोडून मोजली. तीस. दुसरी. तीस. अशा एकेचाळीस जुड्या, आणि वर अकरा लेबलं सुटी.

मग त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. लाल चोच. दुसऱ्या जुडीत लाल. तळाशी असलेल्या, रंग विटलेल्या जुडीतही लालच. बाईंनी सगळा डबा मांडीवर ओतला आणि नारिंगी चोच शोधली. एकही सापडली नाही. म्हणजे जुन्या रिळातलं एकही लेबल तिनं कापलं नव्हतं. नवं आलं त्या आठवड्यात तिनं चोच पाहिली होती, आणि रात्री जेवताना हसली होती, आणि दुसऱ्या दिवशी पहिलं लेबल कापलं होतं. तेव्हापासून रोज एक. रोज एक कापून पाच हजार संपत नाहीत, हे तिलाही कळतच असणार. ती लेबलं संपवत नव्हती. ती दिवस मोजत होती, तीस-तीसच्या जुड्या बांधून, रोज सकाळी हातावर गोळी ठेवून झाली की. कशाचे दिवस, हे कळायला बाई काही कुक्कुलं बाळ नव्हत्या. आई संपली की नाव बदलू.

राग यायला हवा होता. बाई वाट बघत राहिल्या, राग आला नाही. साडेतीन वर्षं! साडेतीन वर्षं मूग गिळून, पाण्याचा पेला धरून, आई, गोळी घेतलीस? — एकदाही डोळ्यांत काही दिसू न देता. त्यांनी जुड्या होत्या तशा भरल्या. मग रिळावरचं एक लेबल कापलं, त्या सुट्या अकरांवर ठेवलं, आणि झाकण लावलं.

पिटुकली आली तेव्हा पाच वाजायला पाच मिनिटं होती. तिनं दोरे काउंटरवर ठेवले, घाम पुसला, कात्रीसाठी खण उघडला. डबा जरा तिरका होता. तिनं झाकण वर केलं. बाई मशीनवर वाकून तिरप्या नजरेनं बघत होत्या. पिटुकलीचे ओठ हलले, मोजताना हलतात तसे. एकदा मोजून झाल्यावर तिनं पुन्हा मोजलं. मग झाकण बसवलं, खण आत ढकलला. तोंडावरची रेष हलली नाही.

“चहा टाकू, आई?”

“टाक. साखर बेतानं घाल.”

“मी बेतानंच घालते.”

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. तो चेहरा बापाचा होता, गाल बापाचे, जिवणी बापाची. आणि त्यातून जे बघत होतं ते बाईंनी फार वर्षांपूर्वी आरशात पाहिलं होतं, दातांत दोरा धरून. खाण तशी माती. म्हणजे घेतलं होतं तर माझंही. छातीत काहीतरी भरून आलं, त्याला दुसरं नाव देता येईना म्हणून बाईंनी त्याला अभिमान म्हटलं.

फोन वाजला. पिटुकली त्याच्या जवळ उभी होती, पण तिनं हात पुढे केला नाही. बाईंच्या कोपराखाली काळं कापड होतं, त्यावरचं नाव अर्धवट पुसलं गेलं होतं.

“काय सांगायचं त्यांना?” पिटुकलीनं अगदी मऊ आवाजात विचारलं.

फोन वाजत राहिला. बाईंना घाई नव्हती. किती वर्षांनी या दुकानात त्यांना एकटं वाटत नव्हतं.