मूठभर कोंडा

बयाबाई तोंडाची फटकळ. आख्ख्या वडिवळ्यात तिच्या जिभेला भीत नाही असा माणूस शोधून सापडला नसता. पण एक शब्द तिनं दहा महिने गिळून ठेवला, आणि तो म्हणजे 'माझं'. कधी चुकून ओठापर्यंत आलाच, तर शेजारची चाँदबी धावत येऊन तिच्या तोंडावर हात ठेवायची.

त्याचं असं झालं. बयाबाईचा एकुलता एक लेक गेणू पलटणीत होता, तो बसऱ्याकडं लढाईत पडला. त्याच साली दिवाळीच्या तोंडावर गावात मानमोडीची साथ शिरली. आज ताप, परवा तिरडी. आधी सून गेली, तिच्या मागोमाग सहा वर्षांची नात. हीच नात मांडीवर घेऊन बयाबाई उभ्या गावाला सांगायची, "माझी हाय ही! माझं सोनं हाय!" मेल्या जिभेला हाड म्हणून नव्हतं. आपणच ओरडून ओरडून मरणाला घर दाखवलं, असं तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

उरला तीन वर्षांचा अंबाजी, गेणूचं शेवटचं लेकरू. तोही तापानं फणफणलेला. तेव्हा बयाबाईनं जुनी रीत केली. पोराला सुपात बसवलं, सूप चाँदबीच्या दारात नेऊन ठेवलं आणि म्हणाली, "पोर इकायचं हाय. घ्येतीस का?"

चाँदबीची पाचही लेकरं जगलेली, म्हणून तिचंच दार. तिनं मूठभर कोंडा बयाबाईच्या पदरात टाकला आणि सूप उंबऱ्याच्या आत ओढलं. झाला सौदा! पोर चाँदबीचं, बयाबाई नुसती सांभाळणारी. आता येऊ दे मरण बयाबाईचं पोर हुडकत, तिच्या घरी तिचं पोरच नाही. पाच वर्षांचं झालं की चाँदबीला लुगडं देऊन परत घ्यायचं. तोवर त्याला 'माझं' म्हणायचं नाही, म्हटलं की सौदा मोडला. त्या दिवसापासून पोराचं नाव पडलं कोंडाजी, आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आता सांगा, म्हातारीला खोटं पाडणार कोण?

ताप उतरला, पण पोर काही अंग धरीना. हातापायांच्या काड्या आणि पोट तेवढं पुढं. चाँदबीच्या नवऱ्यानं, गफूरनं, गाडी जुंपून त्याला लोणावळ्याच्या डॉक्टराकडं नेलं. डॉक्टर म्हणाला, "औषध कशाला? याला दूध पाहिजे. रोज, पोटभर."

दूध! बयाबाईच्या घरी दोन वेळची नाचणीची पेज निघाली तरी देव पावला म्हणायचं. शेत वाट्यानं दिलेलं, घरात गडीमाणूस नाही. मोळ्या बांधून बंगल्यांवर विकायच्या, त्यात मीठमिरची सुटायची. दूध कुठून आणणार, कपाळातून?

माघात महिपती पाटील निरोप घेऊन आला. लढाईत पडलेल्या शिपायाच्या पोराला, ते मोठं होईस्तोवर, सरकार दर महिन्याला पैसे देणार होतं. आईबाप नसतील तर सांभाळणाऱ्या सख्ख्या नातलगाच्या हाती. "दारात दुभती शेळी बांधा, मावशी," पाटील म्हणाला. "पोर बगता बगता अंग धरंल." बयाबाईला रडूच फुटलं. त्या रात्री किती तरी दिवसांनी ती गाढ झोपली.

फाल्गुनात पलटणीचा गोरा साहेब तालुक्याच्या गावी चौकशीला बसला. बयाबाई पोराला खांद्यावर टाकून चालत गेली, बरोबर पाटील आणि चाँदबी. साहेबाशेजारी आपल्याकडचाच एक कारकून होता, तो विचारायला लागला.

"मयत शिपाई गेणूचं हे मूल?"

"व्हय."

"म्हणजे तुमचा नातू?"

बयाबाईनं चाँदबीकडं बघितलं.

"आजी, तुमचाच ना?"

"न्हाई," बयाबाई म्हणाली. "चाँदबीचा हाय."

पाटलानं कपाळावर हात मारला आणि घाईघाईनं सगळी रीत सांगितली. कारकुनाला ती सांगावी लागत नव्हती, त्याच्या घरातही असा कुणी कोंडाजी असेल. तो खाली वाकून हळूच म्हणाला, "आजी, साहेबापुढं जबानी लागते. एकदाच म्हणा, माझा आहे. इथं कोण ऐकतंय?"

"ज्यानं ऐकू नये, त्योच ऐकतुया."

"अगं म्हण की गं बाई!" चाँदबी कळवळली. "मी सोडला सौदा, जा!"

"तू सोडून काय हुतंय? पाच वर्सं भरल्याबिगर सुटत न्हाई त्यो."

साहेबानं कारकुनाकरवी विचारलं, पोर विकलंस का? बयाबाई खोटं कशाला बोलेल? "व्हय, मूठभर कोंड्याला." मग पैसे कशाला मागतेस? "त्येच्या दुधाला," ती म्हणाली.

साहेब तिच्याकडं बघत राहिला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या. त्यानं सांगितलं, दिवस मावळेपर्यंत मी इथंच आहे. म्हातारीनं येऊन माझा म्हणावं, मी सही करतो.

दिवसभर बयाबाई कचेरीसमोरच्या पिंपळाखाली बसून होती. चाँदबीनं समजावलं, पाटलानं समजावलं, शेवटी दोघंही थकले. उन्हं कलली तशी ती जिवाचा हिय्या करून उठली, पायरी चढली, साहेबापुढं उभी राहिली. तोंड उघडलं. आणि खांद्यावरचं पोर खोकललं. साधा ठसका तो! पण बयाबाईनं तोंड मिटलं, पदर पोराच्या अंगावर ओढला आणि तशीच माघारी वळली.

कागदावर 'पालक नाही' असा शेरा पडला आणि कागद पलटणीकडं परत गेला.

पुढं सांगण्यासारखं काही नाही. चाँदबी आपल्या पाच तोंडांतून वाचवून वाटीभर ताक आणायची, रोज नाही, जमेल तेव्हा. बयाबाई आपली पेज पोराला पाजायची आणि स्वतः भांडं धुतलेलं पाणी प्यायची. भादव्यात, भात पोटरीला आलेलं असताना, कोंडाजी एका सकाळी उठलाच नाही. ताप नाही, उलटी नाही, काही नाही.

त्याला मातीआड करून आल्यावर महिपती पाटील वही घेऊन बयाबाईच्या ओट्यावर बसला. गावातली जन्ममरणाची नोंद त्याच्याकडं.

"नाव अंबाजी लिवतो," तो म्हणाला. मग त्याची लेखणी अडली. चार वेळा खाकरून त्यानं विचारलं, "पोर कुणाचं म्हणून लिवू?"

बयाबाई भिंतीला धरून उठली.

"माझं!" ती ओरडली. गल्लीतली माणसं दारात आली एवढ्या मोठ्यानं ओरडली. "माझं लिवा, पाटील! माझा नातू! माझं सोनं!"

चाँदबीनं सवयीनं धावत येऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. मग तिचं तिलाच कळलं, आणि तिनं तो काढून घेतला.