एल्वुड स्नेव्हलीचं बदललेलं मत

"ट्यूब दे," लिओन म्हणाला.

"आज फिरकी," असं म्हणून एल्वुडने आमिषांचा डबा पायाने आपल्याकडे ओढून घेतला.

"ऑक्टोबर संपत आलाय, लेका. पाण्यात नुसता हात घालून बघ. मासा तळाला चिकटून बसलाय आणि तू मला फिरकी देतोस?"

"आज ऊन आहे. पातं चमकेल."

"चमकेल म्हणे! अग्निशमन दलाच्या हॉलमधल्या नाश्त्याला सगळ्यांसमोर कोण म्हणालं होतं, फिरकी नाताळच्या झाडाला टांगायची असते म्हणून?"

"माणसाचं मत बदलतं."

"तुझं? तुझं जाकीट बदलत नाही, मत कुठून बदलणार?"

एल्वुड हसला, पण डबा उघडून दिला नाही. लिओनने कुरकुरत फिरकी घेतली आणि गळाची काठी मागे नेऊन फेक केली. पितळी पातं उन्हात चमकत गेलं आणि तसंच चमकत रिकामं परत आलं.

सस्क्वेहाना नदीच्या या पट्ट्यात स्मॉलमाउथ बास मासे धरायला येणारी माणसं एल्वुड स्नेव्हलीच्या बोटीतून जात. मासा धरायचा, फोटो काढायचा आणि पाण्यात परत सोडायचा. लिओन झेलिन्स्की त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. आयुष्यभर कोळशाच्या खाणींच्या गावांमधून पावाची गाडी चालवली, आता निवृत्त होता. दर ऑक्टोबरला एक दिवस तो इथे यायचा. त्यांची ओळख इतकी जुनी झाली होती की दोघांतला पैशांचा व्यवहार उरकताना दोघांनाही अवघडल्यासारखं व्हायचं.

आमिषांबद्दल एल्वुडची मतं ठाम होती आणि ती नदीकाठच्या सगळ्यांना पाठ होती. पोटात छर्रे खुळखुळणारा प्लॅस्टिकचा मासा बासासाठी नसतो, विकत घेणाऱ्याच्या कानांसाठी असतो. पाण्यावर तरंगत डुबुक डुबुक करणारं आमिष जूनच्या संध्याकाळी ठीक, तेही पाहुण्यांची करमणूक म्हणून. खरं आमिष एकच, ट्यूब. बोटाएवढी पोकळ रबरी नळी, एका टोकाला झालर, आत शिशाचा गोळा आणि गळ. रंग शेवाळी, दुसरा कुठलाही नाही. ती तळावरून ओढायची, ओढणाऱ्याला कंटाळा येईल इतकी हळू. बास तिला झिंगा समजतो, तोंडात घेतो आणि जागीच थांबतो. झटका बसत नाही. नायलॉनच्या तंगुसावर टेकवलेल्या तर्जनीला एवढंच कळतं की मघापर्यंत खरखरीत लागत होतं ते आता मऊ लागतंय. ज्याला हे कळतं तो मासेमार, बाकीचे हवा खायला आलेले, असं एल्वुड म्हणायचा.

मार्चमध्ये त्याच्या तर्जनीला ते कळेनासं झालं.

आधी बोटांची टोकं बधिर झाली, मग पेरं. शर्टाची बटणं बघून लावावी लागू लागली. रक्तात साखर बरीच वर्षं होती आणि असं काही होऊ शकतं हे डॉक्टरांनी मागेच सांगून ठेवलं होतं. पुढच्या तपासणीला एल्वुडने हात खिशातून बाहेरच काढले नाहीत. फर्नला, म्हणजे बायकोलाही, काही सांगितलं नाही. खडकाळ नदीत बोट घालणं तिला पहिल्यापासून पसंत नव्हतं. बोटांचं कळलं असतं तर तिने त्याच दिवशी बोटीची किल्ली काढून घेतली असती.

मग त्याने मत बदललं. एप्रिलपासून तो फिरकीची तारीफ करू लागला. तिच्यावर बास असा तुटून पडतो की काठी वाकलेली डोळ्यांना दिसते. उन्हाळ्यात त्याने तरंगती आमिषं काढली. त्यांच्यावर तर मासा पाणी फोडून येतो, समोर दिसतो. बोटांचं काम डोळ्यांनी भागत होतं आणि गिऱ्हाइकंही खूश होती. आमिषांचं दुकान चालवणारा लमार मात्र त्याला सोडत नव्हता.

"काय एल्वुड, धर्मांतर केलंस म्हणे," तो गल्ल्यामागून ओरडायचा. "तुझ्या शेवाळी ट्यूबा माझ्याकडे पडून आहेत. त्यांचं काय करू, भाजीत घालू?"

"घाल. तुझ्या बायकोच्या भाजीला तेवढीच चव येईल."

दुकानातले सगळे हसायचे. एल्वुडही हसायचा आणि बाहेर गाडीत येऊन थोडा वेळ नुसता बसून राहायचा.

सप्टेंबर सरला तशी त्याची झोप कमी झाली. रोज सकाळी तो धक्क्यावर तापमापक पाण्यात सोडायचा. पाणी गार होत चाललं होतं. गार पाण्यात बास वर येत नाही, कशाच्या मागे धावत नाही, तळाला बसून राहतो. वर्षातले सगळ्यात मोठे मासे याच दिवसांत मिळतात आणि ते ट्यूबलाच मिळतात. हे त्यानेच सगळ्यांना शिकवलं होतं.

आज सकाळी तर आणखी एक गोष्ट घडली. या नदीत खडकांचे लांबलचक कणे आडवे पसरलेले आहेत आणि बोट काढायला त्यांत ठरावीक खिंडी आहेत. पाणी उथळ होऊ लागलं की सुकाणूच्या दांड्याची थरथर बदलते. आजवर त्याच्या तळव्याला ते आपोआप समजायचं. आज समजलं नाही. दांडा वळवायला उशीर झाला आणि बोटीची कूस खडकाला घासत गेली. आवाज मोठा झाला.

"पाणी उतरलंय," एल्वुड म्हणाला होता.

लिओनने काठावरच्या दगडांकडे पाहिलं होतं. पाणी काल होतं तेवढंच होतं, दगडांवरची ओली रेघ तसं सांगत होती.

आता बोट जुन्या वीटभट्टीसमोरच्या वळणावर नांगरून उभी होती. फिरकी टाकून टाकून लिओनचा खांदा भरून आला. त्याने काठी खाली ठेवली, खाण्याचा डबा काढला आणि बीटाच्या रसात मुरवलेलं लालभडक अंडं तोंडात टाकलं.

"खा की तू पण. बहिणीने दिलीत."

"नंतर. आधी दुसरं काहीतरी बांधून देतो." एल्वुडने आमिषांच्या डब्यातून चपटा प्लॅस्टिकचा मासा काढला. त्याच्या पोटाखाली तिहेरी गळ लोंबत होते.

"आत छर्रे आहेत त्याच्या," लिओन म्हणाला. "ऐकू येतायत मला."

"गप बस."

तंगूस बारीक होता. एल्वुडने तो डोळ्यांजवळ धरून मोठ्या कष्टाने कडीतून ओवला. गाठ मारली, ती सुटली. पुन्हा मारली, ओठांनी ओली केली, दातांनी ताणली. लिओन कॉफी ओतता ओतता ते पाहत होता. हाच माणूस पूर्वी वाऱ्यात, चालत्या बोटीत, गप्पा मारता मारता गाठ मारायचा.

"घे," एल्वुडने काठी पुढे केली. आमिष अजून त्याच्या डाव्या हातातच होतं. "हे थांबवत थांबवत ओढायचं. ओढलंस की थांब, ओढलंस की थांब. आलंच म्हणून समज."

"आमिष सोड की मग."

"सोडलं."

"कुठे सोडलंस? अंडं कधी खाल्लंस तू?"

"खाल्लं नाही अजून."

"मग हाताला रंग कसला लागलाय?"

एल्वुडने खाली पाहिलं. तिहेरी गळाचं एक टोक त्याच्या अंगठ्याच्या मांसात पार वाकापर्यंत घुसलं होतं. रक्त मनगटावरून बाहीत उतरत होतं. काठी पुढे करताना त्याने स्वतःच ते आत ओढून घेतलं होतं. आमिष अंगठ्याला लटकत होतं आणि त्याच्या पोटातले छर्रे अजूनही हळूहळू खुळखुळत होते.

"थंडी आहे," एल्वुड म्हणाला. "थंडीत कळत नाही."

"एल्वुड."

"हात गारठलेत, दुसरं काय."

"अरे, बर्फ फोडून मासे धरताना तू हातमोजे घातलेले मी पाहिले नाहीत. मला सांगतोस थंडी?"

लिओनने कॉफीचा पेला खाली ठेवला, आमिषापासून गळ पकडीने तोडून वेगळा केला आणि त्याचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला. असा गळ काढायची रीत त्याला एल्वुडनेच दाखवली होती. गळाच्या वाकात जाड तंगुसाचा फास अडकवायचा, गळाची दांडी कातडीवर दाबून धरायची आणि गिऱ्हाइकाला भलतंच काहीतरी विचारत असताना हिसका द्यायचा.

"तुझी सून कशी आहे?" लिओनने विचारलं.

"सरळ ओढ रे. मला विचारायची गरज नाही."

लिओनने ओढलं. गळ उडून बोटीच्या तळाशी पडला. एल्वुडचा चेहरा जराही हलला नाही. लिओनच्या कपाळावर मात्र घाम आला.

"कधीपासून?"

"मार्च."

"पायसुद्धा?"

"पाय नाही. अजून नाही."

"म्हणजे ही फिरकी, ही तरंगती सोंगं… अख्खा सीझन?" लिओन औषधाच्या पेटीतून पट्टी काढत म्हणाला. "आणि मी घरी सगळ्यांना सांगत बसलो की म्हातारपणी तुझं डोकं फिरलंय."

"तेच बरं होतं."

"फर्नला माहितीय?"

"नाही."

"डॉक्टरला?"

"साखरेचं माहितीय."

लिओनने पट्टी गुंडाळली. गरजेपेक्षा जास्तच गुंडाळली. मग तो नदीकडे पाहत म्हणाला, "सकाळी पाणी उतरलं नव्हतं."

"नव्हतं."

"शनिवारी कोण येतंय?"

"दोघं भाऊ आहेत." एल्वुड थांबला. "एकाची मुलगी पण येणार आहे. शाळेतली."

पाणी बोटीच्या दोन्ही बाजूंनी निघून जात होतं. एल्वुड पट्टी बांधलेला अंगठा उरलेल्या बोटांना एकेक करून लावून पाहत होता, मोजदाद केल्यासारखा. कुठलंच बोट काही कळवत नव्हतं.

"मी त्यांना फोन करतो," तो म्हणाला. "संध्याकाळी."

"फर्नला आधी सांग."

"फर्नला आधी."

"परत जाताना बोट मी चालवतो. खिंडी तू दाखव."

"तू पावाची गाडी चालवायचास."

"त्यातला एक पाव कधी दबला नाही."

एल्वुडला हसू आलं, पण ते टिकलं नाही. त्याने डब्याचा तळचा कप्पा उघडला आणि लिओनकडे सरकवला. आत शेवाळी ट्यूबा ओळीने ठेवलेल्या होत्या, जवळजवळ सगळ्या कोऱ्या. लिओनने स्वतःच एक निवडली आणि बांधली. गाठ ओबडधोबड झाली. एल्वुडने ती पाहिली आणि तशीच राहू दिली.

"कुठे टाकू?"

"त्या वाळलेल्या झाडाच्या रेघेत. थोडं वरच्या अंगाला. पडू दे तळापर्यंत."

ट्यूब पडली. तंगूस सैल झाला. लिओनने तर्जनी त्यावर टेकवली.

"आता ओढ. हळू. आधी बारीक खडी लागेल."

"हो. लागतेय."

"अजून हळू. आता खडी संपेल आणि सपाट दगड येईल, फरशीसारखा."

लिओनने श्वास रोखला. "आला."

"त्याच्या कडेला ओढायचं नाही, काठी उचलायची. पलीकडे मोठा धोंडा आहे, त्याच्यात अडकतं. उचल. हं. आता सोड, पडू दे. धोंड्याच्या मागे खोल आहे."

"पडली." लिओन त्याच्याकडे पाहायला लागला. "तुला दिसतंय का काय सगळं?"

"मासा तिथेच असतो. थांब जरा. घाई नको."

ते थांबले. काही झालं नाही. लिओनने रिळाला अर्धा वेढा दिला.

"आता पुढे काय आहे?"

एल्वुड पाण्याकडे पाहत राहिला. फेब्रुवारीत नदीवरचं बर्फ फुटलं तेव्हा या वळणावर त्याचे प्रचंड तुकडे चढले होते. त्यांनी खडक हलवले होते, काठाचा एक लचका तोडून नेला होता. त्यानंतर तो इथे कितीदा तरी आला, एकटा असताना तळावरून ट्यूबही ओढून पाहिली, पण हाताला काहीच सांगता आलं नाही.

"पुढचं मला माहीत नाही," तो म्हणाला. "यंदा तळ बदललाय. तू सांग."

लिओनने डोळे मिटले. तर्जनी तंगुसावर तशीच ठेवून अगदी थोडं ओढलं.

"गुळगुळीत काहीतरी आहे," तो म्हणाला. "दगड नाही. बुडालेलं लाकूड असेल."

"केवढं?"

"थांब, सांगतो."

"सावकाश," एल्वुड म्हणाला आणि ऐकण्यासाठी पुढे वाकला.