गुरुवारची सही

फळांच्या शीतगृहात हजेरीचं पुस्तक सांभाळणाऱ्या बाईला सगळे हजेरीबाईच म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव पगारपत्रकावर तेवढं उरलं होतं. अकरा वर्षांत तिच्या पुस्तकात एक खाडाखोड नव्हती आणि त्याचा तिला कोण अभिमान!

त्या रविवारी तिची सुट्टी होती. डोक्याला तेल चोपडून ती निवांत बसली होती, तेवढ्यात फोन वाजला. शीतगृहातला ऑपरेटर होता.

"ताई, तीन नंबरची खोली अकराला बंद केली. दाराला पट्ट्या लावल्या, नायट्रोजन सोडला. नोंदीत माणसांचा आकडा लिहायचाय. तुमच्या पुस्तकात आज सात सह्या आहेत, सातही जण बाहेर आलेत. सात लिहू ना?"

"लिहा," म्हणायला तिने तोंड उघडलं आणि ती ताडकन उठून उभी राहिली. तिची धाकटी बहीण आज कामावर गेली होती. तिची सही आजच्या पानावर नव्हती. ती गुरुवारच्या पानावर होती.

ही गुरुवारची भानगड हजेरीबाईनेच काढलेली. नियम असा की आठवड्याच्या सुट्टीला कामावर बोलावलं तर त्या बदल्यात महिन्याच्या आत दुसरी सुट्टी द्यायची. नियमाला नावं ठेवायला जागा नव्हती. फक्त त्याचा अर्ज मुख्य कचेरीत जायचा आणि मंजूर होऊन येईपर्यंत महिना उलटलेला असायचा. वरातीमागून घोडं! सुट्टी बुडायची आणि लोक हात चोळत बसायचे. शेवटी हजेरीबाईच्याने बघवेना. "रविवारी आलात तर रविवारची सही करूच नका," तिने सांगून टाकलं. "ज्या दिवशी घरी राहायचं असेल त्या दिवसाच्या पानावर आधीच करा, आठ ते पाच. मला विचारत बसू नका, पुस्तक फाटकावर असतंच." साप मेला आणि काठीही तुटली नाही. लोक तिला दुवा द्यायला लागले.

आता, त्याच पुस्तकातल्या सह्या मोजून खोल्या बंद होतात, हेही तिला ठाऊक होतं. पण ठाऊक असलेल्या या दोन गोष्टी तिने कधी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या.

"आत प्राणवायू किती आहे?" तिने विचारलं.

"सतरा. झकास उतरतोय."

बाहेरच्या हवेत तो एकवीस असतो. फळं टिकावीत म्हणून नायट्रोजन सोडून आतला कमी करत नेतात. दहा-बारावर आला की माणूस पायावर उभा राहत नाही. तशी पाटी हजेरीबाईनेच सुवाच्य अक्षरात लिहून दारावर चिकटवली होती.

"दार उघडा! माझी बहीण आत असेल."

"तुमची बहीण? तिची सही कुठंय आज?"

"ती... ती नुसती किल्ली द्यायला आली होती. आत गेली असेल चुकून."

भीतीने अर्धमेली झालेली बाई, पण खोटं बोलायला चुकली नाही. नोकरीची भीती तिच्या अंगवळणी पडली होती.

"ताई, मी काचेतून बघितलंय. कोणी नाही," ऑपरेटर म्हणाला. काचेतून पहिली रांग तेवढी दिसते, हे त्यालाही माहीत होतं. "साहेबांना विचारल्याशिवाय मला उघडता नाही येत. आणि तुमच्या पुस्तकावर नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा हो?"

ती तशीच धावत सुटली. बहिणीला फोन करून उपयोग नव्हता, कामाच्या वेळी सगळ्यांचे फोन कपाटात असत. आई गेल्यावर धाकटीला हिनेच न्हाऊ-माखू घातलं होतं. गुरुवारी लेकीला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचंय, असं धाकटी म्हणाली तेव्हा, "मग कर की सही, एवढं काय!" असंही हीच म्हणाली होती. वाटेत ती दोनदा ठेचकाळली. एका गाडीवाल्याने तिला शिवी दिली, ती तिला ऐकूही आली नाही.

ती पोहोचली तेव्हा तीन नंबरच्या दारावरचा आकडा तेरा झाला होता. आवारातच राहणारे मॅनेजर घरच्या चपलांवर येऊन उभे होते. ती काही बोलणार, एवढ्यात पॅकिंगच्या शेडमधून धाकटी रिकामं क्रेट घेऊन बाहेर आली.

"ताई? अशी तेल लावून कुठे निघालीस?"

हजेरीबाईने आधी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग तिला घट्ट मिठी मारली.

"सांगत होतो की नाही!" ऑपरेटर म्हणाला. मॅनेजरही हसले. हजेरीबाईचा जीव भांड्यात पडला.

पाणी पिण्याच्या निमित्ताने ती फाटकावर गेली आणि हळूच पुस्तक उघडलं. गुरुवारच्या पानावर धाकटीची सही होती. आणि तिच्याखाली आणखी एक होती, दोन ओळी व्यापणारी, थरथरत्या अक्षरांची. सावकाशकाकांची. हे सगळ्यांत म्हातारे हमाल. काहीही सांगा, "सावकाश, सावकाश" हेच उत्तर, म्हणून ते नाव पडलेलं. कुठूनही निघताना ते सगळ्यांत शेवटी निघत.

"काका कुठे आहेत गं?" तिने धाकटीला विचारलं.

"तीन नंबरमध्येच होते माझ्याबरोबर. दहाला मला पॅकिंगला पाठवलं. ते मागच्या रांगेत क्रेट रचत होते."

हजेरीबाईची नजर पुन्हा त्या सहीवर गेली. घरी गेले असतील, असा एक विचार आला. त्याच्या पाठोपाठ दुसरा आला, की हे पान फाडलं तर कोणाला काही कळणार नाही. तो दुसरा विचार किती वेळ टिकला, हे तिने पुढे जन्मात कोणाला सांगितलं नाही.

मग ती पुस्तक घेऊन पळाली आणि मॅनेजरच्या छातीवरच तिने ते आदळलं.

"आत माणूस आहे. सही गुरुवारची आहे, पण माणूस आजचा आहे. हे पुस्तक खोटंय साहेब, मीच केलंय ते खोटं!"

आकडा अकरावर होता. मॅनेजरने एकदा पानाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. "उघडा," ते म्हणाले.

नायट्रोजन बंद झाला. ऑपरेटरने भराभर पट्ट्या ओढून काढल्या. तोंडावर मुखवटा आणि पाठीवर हवेची टाकी चढवून तो आत शिरला. आरडाओरड ऐकून सगळीकडची माणसं जमली होती. बऱ्याच वेळाने काकांना काखेखाली धरून ओढत तो बाहेर आला. काकांचे ओठ निळे पडले होते. धाकटीने त्यांच्या छातीवर कान ठेवला.

"चालू आहे," ती रडत म्हणाली. "श्वास चालू आहे."

कोणीतरी रुग्णवाहिकेला फोन लावला. मॅनेजर मात्र त्या उघड्या दाराकडेच बघत होते.

"आणखी कोण आहे आत?"

सही कोणत्याही पानावर असू शकत होती. हजेरीबाई पुढची पानं उलटायला लागली. सोमवार कोरा होता, मंगळवार कोरा होता. बुधवारच्या पानावर एक नाव होतं, ते तिने ओरडून वाचलं.

"हजर," एक हमाल मान खाली घालून म्हणाला.

शुक्रवारच्या पानावर क्रेट धुणाऱ्या बाईची सही होती. हजेरीबाईने तिचं नाव घेतलं. कोणी बोललं नाही. तिने पुन्हा घेतलं, घसा फाटेस्तोवर. ऑपरेटरने मॅनेजरकडे बघितलंसुद्धा नाही. मुखवटा ओढला आणि तो पुन्हा आत गेला, मागच्या अंधाऱ्या रांगेकडे.

हजेरीबाई दाराकडे टक लावून उभी राहिली. कोणीतरी मागून तिचा पदर ओढला. खांबाआड, तिच्यापासून चार पावलांवर, ती क्रेट धुणारी बाई उभी होती. मघापासून तिथेच होती.

"बाई," ती कुजबुजली, "साहेबांसमोर हजर म्हटलं तर मला काढतील का हो?"