गव्हाणीतला घास

लेकीला सातवा लागला, म्हणून मी डोहाळजेवणाला केजहून माजलगावकडं तिच्या सासरी गेलते. पयलं बाळंतपण माहेरीच करायचं, तवा शिवकन्याला संगंच घेऊन यायचं ठरवलं व्हतं.

घराचा थाट काय सांगावा! लग्नात पत्र्याचं घर व्हतं, आता स्लॅब, फरशी, दारात नवी पिकअप. "सगळी म्हशींची किरपा, रतनबाई," इहीणबाई छबुबाई म्हणल्या. अन् चहा आणला तो कोरा! मी कपाकडं बघितलं, तर त्याच तोऱ्यात म्हणल्या, "थेंब न थेंब डेअरीला जातो आमचा." बडा घर पोकळ वासा, मी मनात म्हणलं.

लेक दिसंना. गोठ्यात हाय म्हणल्या, म्हणून मागं गेले. माझी पोर गव्हाणीपाशी उकिडवी बसून, म्हशीला भिजवलेली पेंड दोन्ही हातांनी तोंडात कोंबत व्हती.

"अगं बया! शिवे, काय खातीस गं हे?"

ती दचकली, पदरानं तोंड पुसलं. "आई, कुणाला सांगू नको. लई भूक लागती गं. सगळ्यांचं जेवण झाल्यावर कवा भाकर उरती, कवा न्हाई."

तिची पापणी ओढून बघितली. आतून पांढरीफटक, अंगात रगतच न्हाई! माझ्या शेळीची अशी दिसली तरी मी दवाखाना गाठते. ही तर दोन जिवांची. मला रडूच फुटलं, अन् रडता रडता मस्तक भडकलं.

तिला धरून ओसरीवर आणलं. "इहीणबाई, तुमची सून म्हशीची पेंड खाती! लाज वाटू द्या जरा. मी हिला आत्ताच सरकारी दवाखान्यात नेते."

"आत्ता कावून? चार म्हशी नव्या व्याल्यात," छबुबाई म्हणल्या. "धारा कोण काढील?"

"तुमी काढा!"

लेकीचे सासरे सुंदरराव खुर्चीत बसून ऐकत व्हते. त्यांचं तोंड उतरलं. झटक्यात फोन काढला. मला वाटलं, चला, एकाला तरी काळीज हाय, डॉक्टरला लावतेत. लावला बी डॉक्टरलाच. जनावरांच्या.

"साहेब, दुधाचं फॅट कावून उतरलं ते घावलं. म्हशींना पेंडच कमी जायलीय."

लेकीचा हात घट्ट धरला अन् दवाखान्याकडं जाणाऱ्या जीपच्या रस्त्याला लागले.